काबरी दाणे टिपत नाही

वरचा पाडा, काठी
२८ मार्च २०२५

धनुताईस, जोहार.

गोकुळच्या जीपबरोबर तुमचा निरोप मिळाला. काबरी कोंबडीला टोपलीखाली घालून खालच्या पाड्यावर सासूबाईंकडे पाठवून द्यायची, पुढचं ते पाहतील. गोकुळ म्हणाला, "वहिनी, टोपलीपण मीच आणलीय." मी टोपली त्याला परत दिली.

हे टेकडीवर जाऊन फोनवर सांगता आलं असतं. पण रेंज येते त्या दगडाजवळ नेहमी पाच-सात जण उभे असतात. आपल्या घरचं त्यांनी पुष्कळ ऐकलं आहे. म्हणून लिहिते.

काबरीने तीन दिवस काही खाल्लं नाही. कोपऱ्यात पिसं फुगवून बसते, डोळे मिटते. हे तुम्हाला दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगते. पाड्यात सगळे म्हणतात की देव तिला मागतो आहे.

दिवस घातले त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हिने कोंबडी वाचवली आणि माझा भाऊ घालवला." त्याचं उत्तर राहिलं होतं. आज लिहिते. पौषात तुमच्या भावाचे सांधे धरले. सिकलसेल त्यांना लहानपणापासून होता, हे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत. त्या दुखण्यात त्यांनी टेकडीवरच्या देवाला मानता केली, की होळीपर्यंत पायाने चालायला लागलो तर काबरी देईन. तुम्ही आणि सासूबाई म्हणालात, आधीच देऊन टाका. मी म्हटलं, आधी चालू देत, मग देऊ. मानता तशीच होती. फेब्रुवारीच्या नऊ तारखेला ते नंदुरबारच्या दवाखान्यात वारले. होळी नंतर आली. काठीला ढोल वाजले, मी दार लावून घेतलं.

आता सांगा, या व्यवहारात कोणी शब्द पाळला नाही? मी की देवाने?

काबरी मी पाठवणार नाही.

आशा

—

विसरवाडी
२ एप्रिल २०२५

आशा,

तुझं पत्र वाचलं. देवाला प्रश्न विचारायला तू बारावी शिकलीस, मी दहावीवर थांबले, म्हणून मला भीती वाटते आणि तुला वाटत नाही.

तुला एक गोष्ट माहीत असून तू लिहिली नाहीस, म्हणून मी लिहिते. देवाच्या थानावर कोंबडीपुढे दाणे टाकतात. तिने टिपले तरच देवाने घेतली असं मानायचं. जी खातच नाही ती कोंबडी थानावर चालत नाही. आजारी, मेलेली तर नाहीच. ती अशीच मेली तर मानता तशीच राहील, आणि ती तुझ्या एकटीच्या डोक्यावर नसेल. आमच्या सगळ्या घरावर असेल.

म्हणून तिला बरी कर. तुला ठेवायची आहे म्हणून कर, मला द्यायची आहे म्हणून कर. पण बरी कर.

आमच्या टपरीवर हेमराजभाऊ म्हणून एक जण चहाला थांबतात. तापीकाठचे गुजर, कोंबड्यांची शेड आहे, पिल्लं न्यायला नवापूरला येतात. त्यांना विचारलं. ते बशी खाली ठेवून म्हणाले, "ताई, ती उपाशी नई शे. ती भरेल शे." मी म्हटलं, तीन दिवस खाल्लं नाही तर भरलेली कशी? तर म्हणतात, "तिन्हा गयाखालनी थैली दाबी पाह्य. सकायमा ती रिकामी ऱ्हास. भरेल व्हई तर दाना बंद कर, नुस्तं पानी दे. गोडंतेल दोन थेंब पाज आनि थैली हलका हातवरी चोय. उलटी धरू नको, जीव जाई."

एवढ्यात माझा नवरा पंक्चरच्या टायरवरून ओरडला, "भजी जळाली, आणि ही कोंबड्यांची डॉक्टर झाली." भजी खरंच जळाली होती.

तू अंगणवाडीत पोरांची वजनं करतेस. तिचंही कर. काय झालं ते लिही. ती दाणे टिपायला लागली की मी स्वतः घ्यायला येईन, गोकुळला पाठवणार नाही.

धनु

—

वरचा पाडा, काठी
६ एप्रिल २०२५

धनुताईस, जोहार.

हेमराजभाऊंचं बरोबर आहे. सकाळी तिला मांडीवर घेऊन गळ्याखाली हात लावला. पिशवी भरलेली होती, मळून ठेवलेल्या कणकेसारखी. चोच उघडली तर आंबट वास आला. तो वास ओळखायला मला वेळ लागला नाही. मोहाची फुलं मडक्यात आंबली की येतो तोच.

हे माझ्यामुळे झालं. तुमचा भाऊ तिला सकाळी तळहातावर मोहाची दोन-तीन फुलं द्यायचा. तेवढीच. ते गेल्यावर मी देऊ लागले. किती द्यायची ते मी पाहिलं नाही. ती खायची, मी देत राहायचे. वाळलेली फुलं तिला कडक लागतील म्हणून आदल्या दिवशी भिजत घालायचे, सकाळी मूठभर पुढे टाकायचे. ती कमी खायला लागली तसं आणखी मऊ करून चोचीत भरवलं. महिनाभर मी तिला आंबलेलं खाऊ घातलं आणि मायेने खाऊ घालते आहे असं समजले.

काल पोरांच्या झोळीच्या काट्यावर वजन केलं. एक किलो एकशे चाळीस भरली. होळीच्या आधी साडेतेराशेच्या वर असायची. दाणा बंद केला आहे. पाणी, तेल, आणि दिवसातून चार वेळा चोळते.

हातपंपावर बायका म्हणाल्या, "कोंबडीला मांडीवर घेऊन बसते. नवऱ्याजवळ एवढी बसली असती तर." मी हंडा भरून घेतला आणि आले.

परवा थानावरचा दिवाल्या बडवा आला होता, सासूबाईंना घेऊन. त्याने अंगणात ज्वारीचे दाणे टाकले. काबरीने मान फिरवली. सासूबाई रडायला लागल्या. दिवाल्याबाबा मला म्हणाले, "पोरी, सरकारने तुला फोन दिलाय. त्यात देवाचा नंबर आहे का?"

मी म्हटलं, "असता तर पौषातच लावला असता."

ते हसले. सासूबाईंना ते आवडलं नाही. जाताना बाबा म्हणाले, ती खायला लागली की कळवायचं. मी हो म्हटलं नाही.

एक विचारायचं आहे. ते गेले त्याच्या आदल्या शुक्रवारी मी अंगणवाडीच्या मीटिंगला अक्कलकुव्याला होते. दवाखान्यात त्यांच्याजवळ तुम्ही होतात. मी रात्री पोचले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि तुम्ही माझ्याशी न बोलता एसटी स्टँडला निघून गेलात. त्या दिवशी ते तुमच्याशी काय बोलले ते तुम्ही कधी सांगितलं नाही.

आशा

—

विसरवाडी
११ एप्रिल २०२५

आशा,

हेमराजभाऊ परत भेटले. अजून पिशवी उतरली नसेल तर पाण्यात ताक मिसळून थेंब थेंब दे, म्हणाले. सोबत डोळ्याच्या औषधाची रिकामी बाटली पाठवते, गरम पाण्याने धुतली आहे. चोचीच्या कडेने सोडायचं, सरळ घशात नाही.

मोह तू भरवलास हे पाड्यात सांगू नकोस. लोक म्हणतील तूच विष घातलंस.

बाकीचं विचारू नकोस.

धनु

—

वरचा पाडा, काठी
१८ एप्रिल २०२५

धनुताईस, जोहार.

बाटली मिळाली, कामाची आहे.

मोहाचं मी त्याच दिवशी हातपंपावर सांगून टाकलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. कालीबाई म्हणाली, "मग देव नाही मागत?" मी म्हटलं, मोह मागतो. दोघी-तिघी हसल्या. एक जण म्हणाली, स्वतःच्या तोंडाने सांगते, हिला लाज नाही. दोन्ही ऐकून घेतलं.

काबरीने मंगळवारी आंबट पाणी टाकलं, आणि दुसऱ्या सकाळी पिशवी मऊ लागली. गुरुवारी हात लावला तर रिकामी होती, नुसती कातडी. मी तिथेच बसले. वजन नऊशे ऐंशी. पिसं काढली तर काही उरणार नाही अशी झाली होती.

तुम्ही लिहिलं होतं ते मला आठवत होतं. ती खाते तोवरच थानावर चालते. म्हणजे ती उपाशी आहे तोवर ती माझी. दाणा दिला की तिला न्यायला येणार. हा विचार माझ्या मनात आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. तिला अर्धवट आजारी ठेवायची, थोडं पाणी, थोडं ताक, असं मी एक दुपारभर ठरवलंसुद्धा. मग बांधावरचं वारूळ फोडलं आणि वाळवीचा, उधईचा गोळा तिच्यापुढे ठेवला.

तिने एक उचलली. मग दुसरी. मग पायाने उकरायला लागली.

आज ती शिजलेल्या कण्या खाते. कालीबाईने पाहिलं, म्हणजे खालच्या पाड्यावर गेलं असेल. अखाजीच्या सणाला दिवाल्याबाबा आणि सासूबाई येणार असं ऐकते.

तुम्हीही या. पण काय ऐकायला मिळेल ते आधी लिहून ठेवते. कोंबडी माझ्या हाताने आजारी पडली, ते मी पाड्याला सांगितलं आणि निस्तरलं. जे माझं आहे ते मी घेते. तुमचा भाऊ माझ्या हाताने गेला नाही. ते मी घेणार नाही. काबरी थानावर चढली तर त्याचा अर्थ एकच होईल, की आशाने दोन महिन्यांनी कबूल केलं. मी कबूल करणार नाही. तुम्ही मला नात्यातून काढलंत तरी नाही.

शुक्रवारचं मी परत विचारते.

आशा

—

विसरवाडी
२३ एप्रिल २०२५

आशा,

चार कागद फाडले. हा पाचवा आहे, जसा होईल तसा पाठवते.

त्या शुक्रवारी इंद्रसिंगने मला जवळ बोलावलं. त्याला धाप लागत होती, एक एक शब्द बोलत होता. म्हणाला, "धनु, तू आजच पाड्यावर जा. आशा इथे येतेय, घर रिकामं असेल. काबरी घे आणि थानावर दे. आशाला सांगू नको, ती मला रागावेल." मी म्हटलं, भाऊ, तू तर म्हणाला होतास चालल्यावर देऊ. तो म्हणाला, "मी नाही चालणार. पण देऊन पाहू."

मी म्हटलं, सोमवारी जाते. शनिवारी एका लग्नाच्या वऱ्हाडाची टपरीवर ऑर्डर होती, शंभर माणसांचा चहा-नाश्ता. बेसन आणून ठेवलं होतं. त्याने मान हलवली आणि भिंतीकडे वळला. तू आलीस तेव्हा तो तसाच होता. मी तुझ्याशी काय बोलणार होते?

रविवारी तो गेला.

आदल्या दिवशी मी वऱ्हाडाला भजी तळत होते, आशा. ते लोक म्हणाले, ताई, मिरची जास्त घाला. मी घातली.

दिवस घातले तेव्हा तू गप्प बसली होतीस. कोणाकडे तरी बोट दाखवायचं होतं, तू समोर होतीस. ते वाक्य मी बोलले आणि सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला श्वास आला. काबरी थानावर गेली तर माझं सोमवारचं राहिलेलं काम होईल असं वाटत होतं. म्हणून ती बरी व्हायला हवी होती. हेमराजभाऊंना मी विचारलं ते यासाठी. तुझ्यासाठी नाही, कोंबडीसाठीही नाही.

आता तू आईला सांग किंवा नको सांगू. अखाजीला मी येत नाही. मला तुझ्यासमोर उभं राहवणार नाही.

धनु

—

वरचा पाडा, काठी
२६ एप्रिल २०२५

धनुताईस,

गोकुळ आज लगेच परत जातो आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुमचं पत्र वाचून मला राग आला. दोन महिने तुम्ही मला ते वाक्य वाहायला लावलंत. तो राग आहे, आणि तो जाईल तेव्हा जाईल. मी रागावेन असं ते म्हणाले, त्याचंही वाईट वाटलं. त्यांनी मला सांगायला हवं होतं. मी रागावले असते, पण ऐकलं असतं.

पण तुम्ही जे स्वतःवर घेतलं आहे ते चुकीचं घेतलं आहे. डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. रक्तातल्या पेशी वाकड्या होऊन फुफ्फुसात अडकल्या होत्या. शुक्रवारी अडकलेल्याच होत्या. तुम्ही त्या दिवशी पाड्यावर आला असतात, कोंबडी कापली असती, तरी त्या पेशी तिथेच असत्या. वऱ्हाडाला भजी मिळाली म्हणून माणूस मेला, असं तुम्ही दुसऱ्या कोणाच्या घरचं ऐकलं असतंत तर हसला असतात.

तुमच्या आईला मी सांगणार नाही. ते तुमचं आहे. सांगायचं असेल तर बाजाराच्या दिवशी त्या मोलगीला असतात, तिथे फोन लागतो. नाही सांगितलंत तरी अखाजीला मी एकटी दारात उभी राहीन. तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही.

तुमच्यासाठी मी काबरी देणार नाही, एवढं मात्र धरून चाला.

आशा

—

वरचा पाडा, काठी
२ मे २०२५

धनुताईस, जोहार.

अखाजीच्या सकाळी दोघं आले. दिवाल्याबाबांकडे फडक्यात विळा होता आणि ज्वारी. मागे पाड्यातली वीसेक माणसं. काठावरच्या महुड्याच्या झाडावर पोरंसुद्धा चढून बसली होती, कारण अंगणवाडीला सुट्टी होती.

सासूबाई अंगणातच उभ्या राहिल्या. त्यांनी बसायला खाटही घेतली नाही.

काबरी अंगणात मोकळी होती. मी तिला आत कोंडली नव्हती. कोंडली असती तर मी काही लपवते आहे असं झालं असतं. बाबांनी दाणे टाकले. काबरीने मान तिरपी करून एका डोळ्याने पाहिलं आणि टिपायला लागली. एक दाणा सोडला नाही तिने.

मागून कोणी म्हणालं, "घेतली. देवाने घेतली."

मी म्हटलं, "तिला भूक लागली आहे. बारा दिवस कण्या खाते आहे. काल खाल्ल्या, उद्याही खाईल."

दिवाल्याबाबा म्हणाले, "आशा, बाजूला हो."

मी झाले नाही. मी म्हटलं, "मानता चालण्याची होती. ते चालले नाहीत. देणं लागत नाही. ज्याला घ्यायची असेल त्याने माझ्या हातातून घ्यावी, पण मग ती मानता होणार नाही. चोरी होईल."

कोणी पुढे आलं नाही. कोणी गेलंही नाही.

तेव्हा सासूबाई बोलल्या. सगळ्यांसमोर, आणि सावकाश. म्हणाल्या, "धनुचा मोलगीला फोन आला होता. रडत होती. इंद्रसिंगने तिला शुक्रवारी पाठवलं होतं, ती सोमवारी जाणार होती. मला म्हणाली, याहा, आई गं, मी मारला त्याला." मग त्या लोकांकडे वळल्या. "एक पोरगी म्हणते मी मारला. दुसरीला आपण म्हणतो तू मारला. माझं एक पोर गेलं. मी आता किती घालवू?"

त्यांनी बाबांच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेली सगळी ज्वारी काबरीपुढे ओतली. बाबा म्हणाले, "अगं, हे थानावरचे दाणे." त्या म्हणाल्या, "भुकेलीला काय कळतं थानावरचे?" आणि खाली बसून तिला खाताना पाहू लागल्या. मी त्यांना ज्वारी पुरे म्हणून सांगितलं. आजारातून उठलेलीला एकदम इतकी चालत नाही. त्यांनी दोन्ही हातांनी अर्धी परत भरून घेतली.

लोक हळूहळू पांगले. काही जण नाराज आहेत. हातपंपावर माझा नंबर आता शेवटचा लागतो. लागू दे.

त्या इथेच जेवल्या. तुम्ही कधी येणार विचारत होत्या. मी सांगितलं, मला माहीत नाही. राग अजून आहे. पण तुम्ही आलात तर चुलीजवळ बसा, उंबऱ्यावर नको.

दिवाल्याबाबा सगळ्यांच्या शेवटी निघाले. विळा फडक्यात गुंडाळत होते. वाईट माणूस नाही तो. मला म्हणाले, "पोरी, मला परत टेकडीवर जायचंय. रिकाम्या हाताने गेलो तर देव विचारेल. त्याला काय सांगू?"

मी म्हटलं, "माझं नाव सांगा. आशा इंद्रसिंग पाडवी. आणि सांगा, राहायला इथेच आहे."

आशा